जिना उतरवेना, म्हणून वर्ग सोडावा का?

पत्र थोडक्यात असं आहे:

‘मी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात काम करते. वय ४४. दिवसभर बैठं काम. मागच्या सत्रात क्रीडा विभागाने विद्यार्थी, प्राध्यापक, कर्मचारी अशा सगळ्यांसाठी फिटनेस वर्ग सुरू केले. मैत्रिणीच्या आग्रहाखातर संध्याकाळच्या इंटरव्हल वर्गात (थोडा वेळ जोरात व्यायाम, मग थोडी विश्रांती, पुन्हा जोरात) नाव घातलं. पहिल्या तासानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मला जिना उतरता येईना. कठडा धरून, आडवी होत उतरले. पंधरा दिवस तिकडे फिरकले नाही. मग धीर करून गेले, तर पाणी प्यायला थांबले असताना एक विद्यार्थिनी म्हणाली, “मॅडम, तुम्ही पण?” मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे निकालाचं काम लागलं आणि सगळंच सुटलं. आता नव्या सत्राचं वेळापत्रक आलंय. इंटरव्हल, स्पिनिंग, झुम्बा, स्ट्रेंग्थ, योग, सगळं आहे. कुठला वर्ग घेऊ? माझे गुडघे कटकट वाजतात, त्यांचं काय? आपल्याच विद्यार्थ्यांसमोर उड्या मारायला मन धजत नाही. परीक्षेच्या काळात तीन-तीन आठवडे खाडा होणारच, मग याचा उपयोग काय? की नुसतं चालणं पुरे?
— खिडकीआडची’

प्रिय खिडकीआडची,

जिना उतरवेना, म्हणजे आपलं शरीर आता व्यायामाच्या कामाचं राहिलं नाही, असा अर्थ तुम्ही मनाशी लावलात. पत्रात तसं लिहिलेलं नाही, पण पंधरा दिवस न फिरकण्यात ते आहेच. म्हणून आधी त्या पायांबद्दल बोलू. वेळापत्रक नंतर.

त्या तासात तुम्ही स्क्वॉट (बैठका), लंज (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणं) आणि उड्या केल्या असणार. खाली बसताना किंवा उडी मारून जमिनीवर टेकताना मांडीचा पुढचा स्नायू लांब होत जातो आणि लांब होता होताच वजन पेलतो. या कामाची सवय नसली की स्नायूच्या तंतूंना अगदी बारीक इजा होते. ती भरून येत असताना एक-दोन दिवसांनी दुखणं उमटतं. साधारण २४ ते ७२ तासांत ते सगळ्यात जास्त असतं, मग ओसरतं. जिना चढताना त्यामानाने बरं आणि उतरताना जीव जातो, त्याचं कारणही हेच: उतरताना त्याच स्नायूवर पुन्हा तेच काम पडतं. लॅक्टिक ॲसिड साठून पाय दुखतात असं अजूनही कितीतरी वर्गांत सांगितलं जातं. ते खरं नाही. व्यायामात वाढलेलं लॅक्टेट (त्याच ॲसिडचं शरीरातलं रूप) तासाभरात खाली येतं, ते तिसऱ्या दिवसापर्यंत टिकून राहत नाही.

मला हळहळ वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. तोच व्यायाम काही दिवसांनी पुन्हा केला, तर दुखणं खूपच कमी होतं. एका तासाने स्नायू तेवढा तयार होतो आणि ही तयारी काही आठवडे टिकते. म्हणजे पंधरा दिवसांनी तुम्ही परत गेलात तेव्हा सगळ्यात वाईट टप्पा मागे पडलेला होता. तुम्हाला हे कुणीच सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. खरं तर पहिल्याच दिवशी तुम्हाला निम्म्यावर थांबवायला हवं होतं, आणि ते काम तुमचं नाही, वर्ग घेणाऱ्याचं आहे. मी स्वतः असे वर्ग घेते, म्हणून हे ठासून सांगते.

एक इशारा मात्र इथेच देऊन ठेवते, कारण विद्यापीठातली तरुण मुलंही हे वाचत असतील. सवय नसताना एकदम अतोनात व्यायाम केला, आणि नंतर लघवी गडद तपकिरी झाली, स्नायू सुजून टणक झाले, हात किंवा पाय उचलवेनासा झाला, तर ते नेहमीचं दुखणं नव्हे. स्नायू मोठ्या प्रमाणावर तुटून त्यातलं द्रव्य रक्तात उतरल्याची ती खूण असते आणि त्याने मूत्रपिंडांना धोका पोचतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. सुट्टीनंतरचा पहिला आठवडा, पहिलाच स्पिनिंगचा (जागच्या जागी सायकल चालवण्याचा) तास, शेजारच्या सायकलवरच्या मित्राशी लागलेली ईर्षा, अशा वेळी हे होताना दिसतं. क्वचित होतं, पण होतं ते बहुतेक वेळा पहिल्या एक-दोन तासांतच.

आता माझं मुख्य म्हणणं. पहिले सहा आठवडे वर्ग संपताना अंगात थोडी ताकद शिल्लक राहिली पाहिजे. ‘आज अजून दहा मिनिटं जमली असती’ असं वाटत बाहेर पडायचं. बाकी सगळे सल्ले विसरलात तरी हा विसरू नका. दमछाक झाली म्हणजेच व्यायाम झाला, हा समज वर्गांनीच पसरवलाय. शेवटी सगळे जमिनीवर आडवे पडलेले दिसले की वर्ग जोरदार झाला असं वाटतं. पण जिच्या पायांत दुसऱ्या दिवशी कार्यालयाचा जिना चढण्याइतका जोर उरला, तीच पुढच्या तासाला येते. आणि पुढच्या तासाला येणं यापेक्षा मोठं या कामात काही नाही.

किती जोर लावायचा हे ठरवायला घड्याळ लागत नाही. गुन्नर बोर्ग नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञांनी, किती दमल्यासारखं वाटतंय याला माणसाने स्वतःच आकडा द्यावा अशी पद्धत घालून दिली आणि ती आजही जगभर वापरतात. तिचं सोपं रूप सांगते. स्वस्थ बसलेलं असणं म्हणजे ०, याहून जास्त शक्यच नाही म्हणजे १०. तुम्ही ५ ते ६ वर राहायचं. तिथे श्वास वाढलेला असतो, शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. बोलणं दोन-दोन शब्दांत तुटायला लागलं की तुम्ही ७ च्या पुढे गेलात. मनगटावरच्या घड्याळाने लाल रंग दाखवला म्हणून घाबरू नका आणि हिरवा दाखवला म्हणून निर्धास्तही होऊ नका. २२० मधून वय वजा करून जो कमाल ठोक्यांचा आकडा काढतात, तो सरासरीचा अंदाज आहे. एकेका माणसाच्या बाबतीत तो दहा-बारा ठोक्यांनी सहज इकडेतिकडे असतो.

तुम्ही ज्या इंटरव्हल वर्गाला गेलात, त्यात वीस सेकंद जोरात आणि दहा सेकंद विश्रांती असा प्रकार होता का? बहुधा असेलच. ही पद्धत जपानमधले संशोधक इझुमी टाबाटा यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. त्यात भाग घेणारी मुलं शारीरिक शिक्षणाचेच विद्यार्थी होती, तरुण आणि आधीपासून व्यायामात मुरलेली. व्यायाम होता प्रयोगशाळेतल्या सायकलवर, उड्यांचा नव्हे. आणि ती जोराची फेरी होती सुमारे चार मिनिटांची, कारण त्या जोराने त्याहून जास्त कुणाला जमतच नाही. आज तेच नाव लावून पाऊण तास उड्या मारायला लावणारे वर्ग आहेत आणि त्यात अकरा वर्षांनी पहिल्यांदा बूट घातलेली बाईसुद्धा उभी असते. इंटरव्हल व्यायाम वाईट मुळीच नाही, थोड्या वेळात हृदय-फुप्फुसांची क्षमता चांगली वाढवतो. पण तो तुमचा पहिला वर्ग नव्हे. तीन-चार महिन्यांनी, पायांत जोर आल्यावर हवा तर बघा.

आता त्या ‘मॅडम, तुम्ही पण?’कडे वळते. मला वाटतं, पायांपेक्षा हेच जास्त दुखलंय.

ती मुलगी तुम्हाला एरवी खिडकीच्या चौकटीत पाहते. मान खाली, समोर अर्जांचा गठ्ठा. त्या चौकटीबाहेर तुम्ही घामाघूम उभ्या दिसलात, तर तिच्या तोंडून काहीतरी निघणारच. त्यात हेटाळणी होती असं तुम्हालाही खात्रीने सांगता येणार नाही. माझ्या वर्गांत मी पाहिलंय, वर्गात मोठं माणूस आलेलं मुलांना आवडतं. कित्येकांच्या मनात आपल्या आईने असं यावं, असं असतं. पण समजा, मुलगी खवचट होती. तरीसुद्धा वर्गात तुमच्याकडे किती जण बघतात याचा तुमचा अंदाज फार वाढीव असणार. कॉर्नेल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र असलेला टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं होतं. अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. साधारण निम्म्या जणांच्या ते चित्र लक्षात आलं असेल, असं टी-शर्ट घालणाऱ्यांना वाटलं. प्रत्यक्षात पाव लोकांच्याच आलं होतं. आणि ती खोली शांत होती. व्यायामाच्या वर्गात तर प्रत्येक जण आरशात स्वतःलाच शोधत असतो आणि डावा पाय की उजवा यात अडकलेला असतो.

तरी कोंडी खरीच आहे, तुम्ही उगीच कल्पना करून घेतलेली नाही. विद्यापीठात वर्गाबाहेरची नाती वर्गात येतात. म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी सांगते.

सगळ्यात मागच्या कोपऱ्यात उभ्या राहू नका. नवीन येणाऱ्या बायका हमखास तिथे जातात आणि फसतात. मागून प्रशिक्षक दिसत नाही, पुढच्याचं बघून करावं तर तोही चुकलेला असतो, आणि सगळे वळले की तुम्ही एकदम पहिल्या रांगेत येता. दुसऱ्या रांगेत, भिंतीच्या बाजूला जागा धरा. तिथून प्रशिक्षक नीट दिसतो, एका बाजूला कुणी नसतं आणि मध्येच थांबावंसं वाटलं तर भिंतीचा आधार घेता येतो. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं आधी जा, म्हणजे जागा मिळते. दारातून उशिरा शिरणाऱ्याकडेच माना वळतात. कपडे सैल, अंगभर, जसे तुम्हाला बरे वाटतात तसे घाला. पायात अडकणार नाहीत एवढंच बघा. खर्च करायचाच तर बुटांवर करा.

आणि निकाल कधी लागणार, माझा फोटोकॉपीचा अर्ज कुठवर आलाय, असं कुणी प्लँक (कोपरांवर अंग सरळ धरून राहणं) करता करता विचारलंच, तर ‘उद्या खिडकीवर ये, बघून सांगते’ एवढं हसून म्हणायचं आणि पुढचा व्यायाम सुरू करायचा. दोनदा असं केलंत की मुलं समजतात. उलट बाजूने तुम्हीही तो धर्म पाळा. एखादा परीक्षेत नापास झालेला मुलगा शेजारी उभा असेल, तर ते तुम्हाला ठाऊक आहे हे तुमच्या चेहऱ्यावर दिसता कामा नये.

विद्यार्थ्यांसमोर उड्या मारायचंच नसेल, तर मारू नका. प्रत्येक उडीला न उडता करण्याचा पर्याय असतो. जम्पिंग जॅकऐवजी एकेक पाय बाजूला टाकत हात वर न्यायचे. बर्पीऐवजी (हात जमिनीवर टेकून पाय मागे उडवायचे आणि परत उडी मारत उठायचं, तो प्रकार) हात बाकावर टेकून एकेक पाय मागे न्यायचा आणि परत आणायचा. प्रशिक्षक नीट शिकलेला असेल तर हे पर्याय तो न विचारता करून दाखवतो. तुमच्या वर्गातला दाखवत नसेल तर विचारा, तेही सगळ्यांसमोर, मोठ्याने. तुमच्यामागे आणखी चार जण तेच विचारायला लाजत असतात.

कुठला वर्ग? माझं उत्तर स्पष्ट आहे: स्ट्रेंग्थ, म्हणजे ताकदीचा. आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान एक दिवस सोडून.

कारण तुमचं वय आणि तुमची खुर्ची. चाळिशीच्या आसपासपासून स्नायू हळूहळू कमी होत जातात आणि पाळी जाण्याच्या काळात बायकांच्या हाडांची झीज वेगाने होते. दोन्हींवर वजन उचलण्याइतका चांगला उपाय व्यायामात दुसरा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सूचनांत प्रौढांसाठी दोन गोष्टी आहेत: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस हालचाल, आणि शिवाय आठवड्यातून दोन किंवा अधिक दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम. पहिली गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, दुसरी गाळली जाते. ती गाळण्यात बायका पुढे, कारण वजनांच्या खोलीत मुलांचा घोळका असतो आणि आत पाऊल टाकवत नाही. वर्गाचा मोठा फायदा हाच आहे की त्या खोलीत तुम्ही एकट्या शिरत नाही. दंड फुगतील ही भीती कुणी घातली असेल तर सोडून द्या. त्यासाठी वर्षानुवर्षं मुद्दाम मेहनत करावी लागते.

वजन किती घ्यायचं? आठ ते बारा वेळा नीट उचलता येईल आणि शेवटच्या दोन वेळा जड वाटेल, इतकं. सुरुवातीच्या काही आठवड्यांत आकडा भराभर वाढतो. त्यात स्नायू वाढण्याचा भाग कमी असतो. मेंदू आणि मज्जातंतू आहेत त्याच स्नायूंना जास्त चांगलं कामाला लावायला शिकतात, म्हणून वाढतो. दंड पहिल्यासारखेच दिसतात म्हणून निराश होऊ नका.

इतर वर्गांबद्दल थोडक्यात. झुम्बा आवडत असेल तर जरूर जा. पावलं चुकली तरी हृदयाला त्याचा पत्ता लागत नाही. स्पिनिंग गुडघ्यांना सोपं आहे, पण खोगिराची उंची नीट हवी: पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. आणि पहिले काही तास बसूनच, कमी भारावर चालवा. योगाने तोल, लवचीकपणा आणि श्वास सुधारतो, परीक्षेच्या हंगामात डोकं शांत राहायला मदत होते. पण संथ आसनांचा वर्ग हा एकटा ना दम वाढवायला पुरतो ना ताकद. तो तिसरा वर्ग म्हणून घ्या, पहिला म्हणून नको.

आता गुडघे. नुसते वाजतात, दुखत नाहीत, सुजत नाहीत, तर त्या आवाजाने घाबरायचं काही कारण नाही. अशा आवाजाचे गुडघे सगळ्या वयांत आढळतात. मात्र गुडघा सुजत असेल, मध्येच अडकून सरळ होत नसेल, चालताना दगा देत असेल किंवा रात्री दुखून झोप मोडत असेल, तर आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट, मग वर्ग. झिजेचं निदान झालं तरी व्यायाम बंद असा त्याचा अर्थ होत नाही. गुडघ्याच्या झिजेवर मांडीचे स्नायू बळकट करणं हा पहिल्या फळीतला उपचार मानला जातो. ‘गुडघे दुखतात म्हणून हलत नाही’ म्हणणाऱ्या माणसाचे गुडघे पुढे आणखी दुखतात, कारण त्यांना सांभाळणारे स्नायूच सैल पडत जातात.

वर्ग सुरू व्हायला अजून दिवस असतील, तर आजपासून कार्यालयातल्या खुर्चीवरच सुरुवात करा. चाकांची खुर्ची नको, पक्क्या पायांची घ्या आणि ती भिंतीला टेकवून ठेवा. कडेवर बसायचं, पावलं खांद्यांइतकी रुंद, टाचा पूर्ण टेकलेल्या, हात समोर. गुडघे पावलांच्या बोटांच्या दिशेने राहतील, आत पडणार नाहीत, हे बघत उठायचं. खाली जाताना मनात तीन मोजायचे, आणि बूड खुर्चीला जेमतेम टेकलं की परत वर. धपकन बसलात तर ती वेळ मोजायची नाही. आठ वेळा, थोडं थांबून पुन्हा आठ वेळा. हे तुम्हाला त्या वर्गातल्या स्क्वॉटसाठी तयार करेल, आणि उतरताना दुखणारा स्नायू हाच असल्यामुळे पुढच्या वेळी जिनाही सुसह्य होईल. गुडघ्यात टोचलं तर खुर्चीवर एक जाड उशी ठेवा आणि उंची वाढवा.

नुसतं चालणं पुरेल का, हे तुम्ही विचारलंत. दमासाठी आणि हृदयासाठी भरभर चालणं पुरतं, फार चांगलं पुरतं. ताकदीसाठी पुरत नाही. म्हणून दोन वर्ग आणि रोजचं चालणं, अशी जोडी धरा. आणि त्या चालण्याला कमी लेखू नका. जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली लंडनमधल्या डबल-डेकर बसच्या नोकरवर्गाचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून बस चालवणाऱ्या चालकांपेक्षा, जिना चढउतार करत तिकिटं देणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होता. त्यांनी टपाल खात्यातही पाहिलं: पत्रं वाटत फिरणारे पोस्टमन टेबलावर बसणाऱ्या कारकुनांपेक्षा बरे होते. हालचाल आणि हृदय यांचा संबंध दाखवणाऱ्या आधुनिक संशोधनाची सुरुवात बऱ्याच अंशी तुमच्यासारख्याच कचेरीतल्या माणसांपासून झाली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

विद्यापीठाच्या आवारात तर अंतरं असतातच. ग्रंथालय एका टोकाला, प्रशासन दुसऱ्या टोकाला. फाइल पाठवायची असेल तर दिवसातून एकदा तरी स्वतः नेऊन द्या. पूर्वी सलग दहा मिनिटं चाललं तरच ते धरायचं असं म्हणत. २०२० च्या सूचनांत ती अट राहिलेली नाही, प्रत्येक हालचाल धरली जाते. पाच मिनिटांचं भरभर चालणंही आठवड्याच्या त्या १५० मिनिटांत धरलं जातं. दहा हजार पावलांचं दडपण घेऊ नका. तो आकडा १९६० च्या दशकात जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राबरोबर पसरला, डॉक्टरांच्या प्रयोगातून निघालेला नाही. आत्ता जितकं चालता त्याहून थोडं जास्त, इथून सुरुवात करा.

परीक्षेच्या तीन आठवड्यांचा तुमचा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला, कारण तो तुम्ही आधीच विचारलात. बहुतेक जण खाडा झाल्यावर विचारतात. ताकद कमवायला जेवढी मेहनत लागते, तिच्या कितीतरी कमी मेहनतीत ती टिकते. आठवड्यातून एकच तास, पण नेहमीचंच वजन घेऊन, एवढ्यावर ती बराच काळ राहते. तोही जमला नाही आणि तीन आठवडे पूर्ण बुडाले, तरी ताकदीत फारसा फरक पडत नाही. दम लवकर उतरतो, दोन-तीन आठवड्यांत जाणवतो, पण परत आल्यावर तो चढतोही लवकर. तेव्हा निकालाच्या काळात दोनऐवजी एक वर्ग, आणि तोही हुकला तर खुर्चीवरचे आठ-आठ. एवढंच ठरवून ठेवा आणि कॅलेंडरवर आत्ताच लिहा.

सवय लागण्याबद्दलही असाच दिलासा आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. पण माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. आणि मध्ये एखादा दिवस चुकला तर सवयीच्या घडणीला विशेष धक्का बसला नाही. एकवीस दिवसांत झालं नाही म्हणून आपल्यातच खोट आहे असं वाटून घेणाऱ्यांना मला हे नेहमी सांगावंसं वाटतं.

लांब खाड्यानंतर परत याल तेव्हा पहिला तास निम्म्या वजनाने करा. तिथेच घाई होते, आणि पुन्हा तो जिना.

आता थोडं क्रीडा विभागाला उद्देशून, तुमच्या निमित्ताने. वर्ग ‘सगळ्यांसाठी’ असं जाहीर करून भागत नाही. संध्याकाळी सहाला वर्ग ठेवला की वसतिगृहातल्या मुलांची सोय होते, घरी वाट पाहणारं कुणी असलेल्या कर्मचाऱ्याची होत नाही. दुपारच्या सुट्टीत अर्ध्या तासाचा वर्ग ठेवून बघा. पूर्णपणे नवख्यांसाठी म्हणून एक वर्ग वेगळा जाहीर करा आणि त्यात खरोखर नवख्यांनाच घ्या. दिवसभर उभ्याने झाडलोट करणाऱ्या मावशी आणि फाटकावरचे सुरक्षा कर्मचारी यांनाही बोलवा. त्यांचं काम कष्टाचं आहे म्हणून त्यांना व्यायाम नको, हा मोठा गैरसमज आहे. एकाच तऱ्हेने वाकून, एकाच तऱ्हेने उभं राहून ज्यांची पाठ आणि पोटऱ्या धरतात, त्यांना ताकदीच्या वर्गाचा उपयोग इतर कुणाहून कमी नाही. आणि प्रत्येक सत्राच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गर्दी ओसरते तेव्हा ‘लोकांना चिकाटी नाही’ म्हणून मोकळं न होता, न आलेल्यांना फोन करून विचारा. अर्धे जण तरी पाय धरले म्हणून घरी बसलेले निघतील.

खिडकीआडची, तुम्ही एकट्या हे मागायला गेलात तर ‘बघू’ म्हणतील. तुमच्या विभागातल्या आणखी पाच-सहा जणींच्या सह्यांचा अर्ज द्या. अर्ज कसा लिहिला की तो टेबलावर पडून राहत नाही, हे तुमच्याइतकं कुणाला कळणार?

पहिल्या दिवशी वर्ग सुरू होण्याआधी प्रशिक्षकाला गाठून सांगा: मागच्या सत्रात पाय फार धरले होते, या वेळी तीनपैकी दोनच फेऱ्या करणार आहे, आणि उड्या करणार नाही. नाव नोंदवताना एक आरोग्याचा फॉर्म देतील. छातीत दुखतं का, चक्कर येते का, रक्तदाबाचं औषध चालू आहे का, सांध्यांचा त्रास आहे का, असं त्यात विचारलेलं असतं. घाईत सगळ्यांपुढे ‘नाही’ अशी खूण करून देऊ नका. कशापुढे ‘हो’ लिहावं लागलं तर आधी डॉक्टरांशी बोला आणि मगच वर्ग सुरू करा. गुडघ्यांबद्दलही त्यावर लिहा.

तुमची,
सल्लागार ताई